दबा आणि डबल बेल

मला समोरासमोरची लढाई आवडत नाही. शत्रू दिसला की तलवार उपसून धावत सुटायचं, हे काम माझ्या धाकट्या भावाचं. मी आधी जागा बघते. उंचवटा कुठे आहे, आडोसा कुठे आहे, शत्रूला पळायला वाट कुठून आहे, कोपऱ्यात तेलाची पिंपं ठेवलेली आहेत का. मग आमच्या चौघांना एकेक करून त्या त्या जागी नेऊन बसवते आणि सगळे बसले की मगच पहिला बाण सोडते. याला किती वेळ लागतो ते विचारू नका. भावाच्या मते तेवढ्यात त्याचं डोंबिवलीहून रत्नागिरीला येऊन, जेवून, परत जाऊन होतं.

हा कॉम्प्युटरवरचा खेळ. चार जणांची टोळी घेऊन एका मोठ्या मुलखात भटकायचं, वाटेत येणाऱ्या दरोडेखोरांशी आणि राक्षसांशी लढायचं. कुऱ्हाडवाला दांडगा आणि म्हातारा जादूगार भावाकडे. धनुष्यवाली चोरटी बाई आणि जखमा बऱ्या करणारी जोगीण माझ्याकडे. तो त्याच्या घरून खेळतो, मी माझ्या, आणि खेळता खेळता लॅपटॉपवरच आमच्या गप्पा चालतात. नुसत्या फोनवर आम्ही दोघं मिनिटभरात ‘बरं चाललंय, ठेवतो’ वर येतो. एखादा दरोडेखोर मारायचा असला की मात्र आईच्या गुडघ्यांपासून त्याच्या साहेबापर्यंत सगळं बोलणं निघतं.

मी मिरजोळ्याच्या वसाहतीत एका मासळीच्या कारखान्यात, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते. लग्न केलं नाही, आईबाबांजवळ राहते. चाळिशीतल्या बाईनं असले खेळ खेळावेत का, असं शेजारणीनं एकदा विचारलं होतं. मी तिला तिच्या मालिकेतल्या सुनेला शुद्ध आली का ते विचारलं. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

तर दबा. या खेळात लढाई सुरू होण्याआधी सगळे मोकळे हिंडत असतात. लढाई सुरू झाली की मात्र एकेकाची पाळी येते, आणि आपली पाळी येईपर्यंत कोणी बोटही हलवायचं नाही. दबा धरून हल्ला केला तर गाफील सापडलेल्या शत्रूची पहिली पाळी बुडते. आपले चौघेही वार करून घेतात आणि तो नुसता उभा. अर्धी लढाई तिथेच संपते.

पण त्यासाठी त्याच्या नजरेत न येता जवळ जावं लागतं. खेळात एक बटण दाबलं की प्रत्येक शत्रूच्या पुढ्यात जमिनीवर लाल पंखा उघडल्यासारखा दिसतो. तो पंखा म्हणजे त्याची नजर. पंख्याच्या आत पाऊल पडलं की संपलं. बाहेर राहिलं तर त्याच्या खांद्याला खांदा लावून गेलात तरी त्याला पत्ता नसतो. मला तो लाल पंखा फार आवडायचा. एवढा मोठा चिलखतवाला सरदार, समोर बघत ताठ उभा, आणि माझी चोरटी बाई त्याच्या कुशीतून निघून गेली तरी त्याला काही कळत नाही, याची मला गंमत वाटायची.

बाबा माझ्या मागे खुर्ची टाकून बघायचे. बाबा एस.टी.चे ड्रायव्हर होते. आख्खी नोकरी घाटातल्या वळणांवर गेली, पण गाडीला साधा ओरखडा काढला नाही, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांचे कंडक्टर सांगत. दोघांनी इतकी वर्षं एका गाडीवर काढली होती की निवृत्त झाल्यावरही एकमेकांना ‘ड्रायव्हर’ आणि ‘कंडक्टर’ अशाच हाका मारायचे. आम्हीही त्यांना कंडक्टर काका म्हणतो. रोज सकाळी स्टँडसमोरच्या टपरीवर जुने ड्रायव्हर-कंडक्टर जमतात. बाबा आपल्या जुन्या गियरच्या स्कूटरवरून तिथे जायचे, चहा प्यायचे, कोणती गाडी किती उशिरा आली यावर तोंडसुख घ्यायचे आणि जेवायच्या वेळेला परत. त्यांचा दिवस त्या टपरीवर सुरू व्हायचा. एखाद्या दिवशी जाणं चुकलं की दिवसभर आईच्या प्रत्येक भांड्यात खोट काढायचे.

खेळ पहिल्यांदा बघितला तेव्हा त्यांनी विचारलं, “हा कुऱ्हाडवाला उभा का ऱ्हायलाय? त्याला मारतायत ना?”

“त्याची पाळी आली नाही अजून.”

“म्हंजे बेल झाल्याशिवाय कोणच हलत नाय?”

“नाही.”

“मग बरा हाय. शिस्तीचा हाय खेळ.”

ज्यांनी एस.टी.चा प्रवास केला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गाडीत छताला लागून एक दोरी असते. कंडक्टरनं ती एकदा ओढली की सिंगल बेल, म्हणजे थांब. दोनदा ओढली की डबल बेल, म्हणजे चल. समोर रस्ता मोकळा असो, मागून साहेबाची गाडी भोंगा वाजवत असो, डबल बेल झाल्याशिवाय ड्रायव्हर गियर टाकत नाही. बाबांच्या हाडात हे इतकं मुरलं होतं की लग्नात जेवताना वाढपी पुढे सरकला नाही तर ते ताटावर दोनदा टिचकी मारायचे. आईला याची भारी लाज वाटायची.

माझा दबा मात्र त्यांना पटला नाही. मी एका पुलाखाली चौघांना लपवून, वरून येणाऱ्या दरोडेखोरांची पहिली पाळी बुडवली आणि विजयानं मागे वळून बघितलं, तर ते कपाळाला आठ्या घालून बसले होते.

“त्याचा नंबर खाल्लास की गो तू.”

“दरोडेखोर आहे तो, बाबा.”

“असूदे. नंबर तो नंबर.”

भाऊ पलीकडून खो खो हसला. पुढच्या लढाईला त्यानं ‘बाबांच्या पद्धतीनं’ म्हणून मी अजून शिडी चढतेय तोवर सरळ जाऊन सरदाराशी बोलायला सुरुवात केली, आणि बोलणं फिसकटून लढाई सुरू झाली. नेहमीच करतो. मी सगळ्यांना जागेवर नेत असते आणि याला दम निघत नाही. आम्ही चौघेही मेलो. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

बाबांच्या डोळ्यांचं मला कळलं ते याच खेळामुळे. एका संध्याकाळी एका पडक्या किल्ल्याच्या अंगणात आम्ही अडकलो होतो. डाव्या कडेला, पडद्याच्या अगदी कोपऱ्यात, बुरुजावर एक तिरंदाज उभा होता. त्यानं जोगिणीला दोनदा जखमी केलं. बाबा म्हणाले, “बाण येतायत कुठनं?”

“तो काय, डावीकडे, वर.”

“कुठाय?”

“अहो, तो काय.”

त्यांनी मान पूर्ण वळवली. “हां. आत्ता आला.”

तो आत्ता आला नव्हता. सुरुवातीपासून तिथेच होता. मला क्षणभर त्यांची चेष्टा करावीशी वाटली, कारण ज्यांना घाटातल्या रानात शिरलेला साळिंदर चालत्या गाडीतून दिसायचा, त्यांना हातभर पडद्यावरचा माणूस दिसेना. पण हसू आलं नाही. मला फाटकाजवळचा गडगा, दगड रचून केलेली कुंपणाची भिंत, आठवला. गेल्या पावसाळ्यात त्या जांभ्याच्या गडग्याला स्कूटर घासून तिच्या डाव्या अंगाचा रंग गेला होता, आणि बाबांनी गडगा नीट रचला नाही म्हणून गवंड्याला शिव्या घातल्या होत्या.

पुढल्या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका यंत्रात तोंड घालून समोर बघत बसायचं आणि कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाबा बाहेर आले ते कुरकुरतच. “तुझा लॅपटॉप बरा त्यापेक्षा. हितं काय दिसतच नाय, बटण दाबणार कशाला?” डॉक्टरांनी मला कागद दाखवला. मधे पांढरा गोल आणि दोन्ही बाजूंनी काळं भरून आलेलं. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसतं म्हणून माणसाला कळतच नाही, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंबांनी राखायची. आणि गाडी चालवायची नाही.

मी त्या कागदाकडे बघत राहिले. तो लाल पंखा मला खेळात एवढा आवडायचा, तोच तिथे छापून आला होता, मिटत चाललेला. तिथल्या तिथे मला रडू आलं आणि बाबांना दिसू नये म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. खरंच नाही दिसलं त्यांना.

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, “डॉक्टर म्हणतात गाडी जपून चालवा.”

“असं नाही म्हणाले,” मी म्हटलं.

“तसाच अर्थ होतो त्याचा.”

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर टोपी चढवून ते स्टँडवर गेले. आमचं घर उतारावर आहे. उतार जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे दोन्हीकडे उंच गडगे आहेत, डोळे धड असलेल्या माणसालाही बाजूचं उशिरा दिसतं. शाळेत जाणारी पोरं तिथूनच वळतात, मासळीवाल्या बायकाही तिथूनच. रोज सकाळी स्कूटरचा आवाज उतारावरून खाली जायचा आणि तो मोठ्या रस्त्याच्या गलबल्यात मिसळेपर्यंत आई हातातलं काम थांबवून उभी असायची. मी सांगून बघितलं, भावानं फोनवर सांगितलं, आईनं अबोला धरून बघितलं. बाबांचं उत्तर एकच, “मला समोरचं दिसतंय.”

भाऊ म्हणाला चावी लपवू. मला ते पटेना. चोरासारखी चावी लपवली तर ते दुसरी करून आणतील आणि आमच्याशी जन्मात बोलणार नाहीत. मला वाटलं, हे नीट जागा बघून करायला हवं. आता सांगताना मलाच विचित्र वाटतं, पण बाबांना अडवायचा बेत आम्ही खेळता खेळताच रचला. पडद्यावर आमचे चौघे एका झाडाखाली नुसते उभे होते आणि मी भावाला सांगत होते, कोणी कुठे बसायचं ते.

होळीला तो आणि भावजय येणारच होते. रविवारची सकाळ ठरली. आई स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे मागची वाट बंद. भाऊ आणि भावजय झोपाळ्यावर. मी पुढच्या दाराशी, चावीच्या खिळ्याजवळ, डॉक्टरांचा कागद घेऊन. आणि कंडक्टर काकांना चहाला बोलवायचं. ते आले की बाबा खुशीत असतात, खुर्चीत सैलावून बसतात. चहा झाला की मी हळूच विषय काढायचा. भावाला मी बजावलं होतं, मी बोलल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

काकांना आमंत्रण द्यायला मी स्वतः गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “येतो मी,” म्हणाले, “पण बोलायचं तुम्ही. मी ड्रायव्हरला कधी शिकवलेलं नाय.”

रविवारी बाबा आंघोळ करून, मासळीची पिशवी काखेत मारून बाहेर आले आणि थबकले. रविवारच्या सकाळी आई कधी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेली नसते. भावजयीच्या हातात फोन नव्हता. मी दाराशी उभ्या उभ्या काहीच करत नव्हते.

“आज काय पूजा हाय?” त्यांनी विचारलं.

काका अजून यायचे होते. चहा चुलीवर होता. मी डोळ्यांनी खुणावत होते, पण माझा भाऊ तो माझा भाऊ. झोपाळ्यावरून उठून म्हणाला, “बाबा, आजपासून चावी आमच्याकडे.”

मग काही धरबंध राहिला नाही. आईनं सुरुवात केली, उद्या कुणाचं पोर गाडीखाली आलं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवणार. भाऊ म्हणाला, मी तिकडे ऑफिसात असतो, फोन वाजला की आधी तुमचंच मनात येतं. भावजय बिचारी मध्येच, बाबा, रिक्षा लावूया ना रोजची. आणि मी कागद पुढे धरला, हे बघा, हे काळं बघा, हे सगळं तुम्हाला दिसत नाही. सगळे एकदम. त्यांच्या तोंडून ‘अरे’ एवढंच दोनदा निघालं आणि दोन्ही वेळा कोणीतरी ते कापलं.

बाबांनी मान वळवून एकेकाकडे बघितलं. पूर्ण मान वळवून, दारापासून झोपाळ्यापर्यंत, झोपाळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. कोण कोण कुठे उभं आहे ते त्यांना तसंच शोधावं लागत होतं. मी ते बघत होते आणि हातातला कागद मला जड झाला.

“झालं?” ते म्हणाले.

ते माझ्यापर्यंत आले. चावी माझ्या खांद्यामागे होती.

“सरक.”

मला त्यांनी असं कधी सांगितलं नव्हतं. मी सरकले. त्यांनी चावी घेतली, शेडमधून स्कूटर काढली, एका किकमध्ये सुरू केली. तेवढ्यात फाटकातून कंडक्टर काका आत आले, धुतलेला सदरा, हातात बिस्किटांचा पुडा. त्यांनी बाबांकडे बघितलं, दारातल्या माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

“बस, कंडक्टर,” बाबा म्हणाले.

काकांनी बिस्किटांचा पुडा गडग्यावर ठेवला आणि मागे बसले. स्कूटर फाटकातून बाहेर पडली.

आई म्हणाली, “तुझे ते खेळ!” आणि पदर तोंडाला लावला. भावानं मान खाली घातली. मी फाटकाशी उभी राहून ऐकत होते. उतारावरून आवाज खाली जात होता, ओळखीचा, थोडा खोकणारा. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, रोज जिथे तो नुसता मंद होतो तिथे, तो बंद पडला.

मी अनवाणी धावले. आयुष्यात मी कधी एवढी घाबरले नाही. उतारावर काय दिसेल याची सगळी चित्रं डोळ्यांपुढे येत होती आणि पायाखालची खडी लागत नव्हती.

उताराच्या टोकाला, दोन गडग्यांच्या मधे, स्कूटर उभी होती. बाबांचे दोन्ही पाय जमिनीवर, मागे काका ताठ बसलेले. पुढ्यात हाताच्या अंतरावर एक मासळीवाली डोक्यावरची टोपली सावरत उभी. डावीकडच्या गडग्याआडून ती आली होती. “माणसं दिसत नायत काय रं बाबा तुला?” असं ओरडून ती निघून गेली. तिची टोपली शाबूत होती, तीही. मी गडग्याला धरून उभी राहिले.

काय झालं होतं ते काकांनी मला नंतर सांगितलं. ते ओरडले नव्हते. त्यांनी बाबांच्या पाठीवर एक थाप मारली, सिंगल बेल, आणि बाबांचा पाय विचार न करता ब्रेकवर गेला. एवढंच. ती बाई बाबांना दिसली ती गाडी थांबल्यावर, समोर आल्यावर.

आता दोघे तसेच बसले होते. बाबांनी पुन्हा किक मारली. इंजीन सुरू झालं. रस्ता मोकळा होता. बाबा वाट बघत होते.

“डबल दे, कंडक्टर.”

काकांनी हात उचलला नाही.

“अरे, मोकळा हाय रस्ता. डबल दे.”

“नाय देनार.”

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण मागे बसलेला माणूस तसा दिसत नाही. स्कूटर थरथरत होती. त्यांना गियर टाकून निघून जाता आलं असतं. कोणी धरलं नव्हतं. आम्ही घरात एवढी माणसं त्यांना अडवू शकलो नव्हतो, आणि इथे तर मागे एक म्हातारा माणूस मांडीवर हात ठेवून नुसता बसला होता. बाबा गेले नाहीत.

मग ते म्हणाले, “मला ती दिसलीच नाय.”

“माहीत हाय.”

“कधीपास्नं माहीत हाय?”

“तू पावसात गडग्याला घासलीस तेव्हापास्नं. म्हणून तर रोज परत येताना मागं बसतो तुझ्या. तुला काय वाटलं, माझे पाय दुखतात?”

बाबांनी इंजीन बंद केलं. दोघे उतरले. बाबांनी हँडल धरलं, काकांनी मागून हात लावला आणि ती स्कूटर दोघं चढावर ढकलत निघाले. मी पुढे होऊन हात लावायला गेले तर काकांनी मला नजरेनंच थांबवलं. मी त्यांच्या मागून चालत आले. घरी आल्यावर बाबांनी स्कूटर शेडमध्ये लावली, चावी खिळ्याला अडकवली आणि आईला म्हणाले, “कंडक्टरला चहा दे.”

त्यानंतर त्यांनी स्कूटरला हात लावला नाही. आम्हाला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण घरात कोणाला त्याचा आनंद झाला नाही. ते स्टँडवर जाईनात. रिक्षात बसायला नाही म्हणाले. काका घरी येऊन बसायचे, पण टपरीवरच्या गप्पा सोफ्यावर होत नाहीत. आईच्या भांड्यांत ते खोटही काढेनासे झाले. मी खेळायला बसले की मागची खुर्ची रिकामी.

माझ्याशी ते बोलले ते खूप दिवसांनी. भाऊ केव्हाच डोंबिवलीला परतला होता. मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते. मान मागे, डोळे मिटलेले, आणि तसेच म्हणाले, “बेत तुझा होता.”

“हो.”

“माझा नंबर खाल्लास.”

मला राग आला. खरंच आला. “विचारलं असतं तर चावी दिली असतीत?”

“नाय.”

“मग?”

“नाय म्हनायचा नंबर होता ना माझा. तो तरी द्यायचास.”

मी माफी मागितली नाही. ती टोपलीवाली बाई अजून माझ्या डोळ्यांपुढे होती, आणि आजही मला वाटतं की त्या दिवशी गप्प बसणं जास्त वाईट झालं असतं. पण ते बोलणं डोक्यातून गेलं नाही. कारखान्यात कोळंबीचे नमुने तपासताना मध्येच आठवायचं आणि हातातला नमुना पुन्हा पहिल्यापासून तपासावा लागायचा. या माणसानं आयुष्यभर प्रत्येक थांब्यावर दुसऱ्याच्या बेलची वाट बघितली, आणि त्याच्या घरात त्याच्यासाठी कोणी थांबलं नाही.

मग मी विचारायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर निघताना, “बाबा, तुमच्या स्कूटरवरून मी सोडते स्टँडवर. येणार?”

“नाय.”

“बरं.” आणि मी गेले. पुढच्या सकाळी पुन्हा विचारलं. नाय. त्याच्या पुढच्या सकाळीही. मी समजावलं नाही, कागद दाखवला नाही, आईला मधे घातलं नाही. रोज एकदा विचारायचं आणि उत्तर ऐकून निघायचं. हळूहळू त्या ‘नाय’ची त्यांना गोडी लागली. कधी पेपराआडून म्हणायचे, कधी मी विचारायच्या आधीच. एकदा तर मी घाईत विसरून निघाले तर फाटकापर्यंत आले. “आज विचारलं नायस?”

“येणार?”

“नाय,” असं म्हणून समाधानानं आत गेले. आईनं कपाळावर हात मारला.

खेळाच्या खुर्चीवर मात्र ते परत आले. आता मी त्यांना कोपऱ्यातलं सांगते, डावीकडे गच्चीवर एक आहे, उजवीकडे झाडामागे दोन. ते मान वळवून प्रत्येकाची हजेरी घेतात. दबा मी अजून धरते, ती खोड जायची नाही. भाऊ अजून वेळेआधी धावतो. लाल पंख्याचं बटण मात्र मी दाबत नाही. थोडं अवघड जातं, पण जमतं.

एका सकाळी मी विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. मी चपला घालत होते. आतून कपाटाचं दार वाजलं. बाबा बाहेर आले ते टोपी घालून. माझ्याकडे न बघता शेडपाशी जाऊन उभे राहिले.

ती स्कूटर चालवायला मला त्यांनीच शिकवलेली. तेव्हा मी पुढे आणि ते मागे बसून सारखे ओरडायचे, क्लच, क्लच, क्लच. तिसऱ्या किकला ती सुरू झाली. बाबा मागे बसले. त्यानंतर ते स्वतःच्या गाडीवर कधी मागे बसले नव्हते आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. आई दारात आली होती. उतार मोकळा होता. मी गियर टाकला नाही. इंजिनाच्या धडधडीत मी समोर बघत बसून राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. मग माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला. एकदा, आणि थोडं थांबून, पुन्हा एकदा.

मी गाडी काढली.